झाकण माझं जळालं, नाव तिचं झालं

"म्हातारीनं घरच पेटवलं असतं म्हणे! डोकं ठिकाणावर नाही आता तिचं. म्हणून त्यांनी ठरवलंय, की तिला…"

नेमका इथे, बोलता बोलताच, आमच्या दारासमोरच्या मावशींनी मिक्सर लावला. घर्रर्र! पुढचं सगळं त्या आवाजात गेलं. मिक्सर थांबला तेव्हा खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई "अगंबाई, खरं की काय!" म्हणत चपला घालून निघालीसुद्धा. काय खरं? तिला कुठे? तिला काय? मी मावशींच्या ओट्याच्या कोपऱ्यात पोटात कांदे घेऊन बसले होते. मला हात असते ना, तर तो मिक्सर खिडकीबाहेर भिरकावला असता.

मी बोलतेय ती एक बेकिंगची डिश. चिनी मातीची, लांबट चौकोनी, बाहेरून विटकरी, आतून पांढरी. तुम्ही म्हणाल, डिशला कसला एवढा राग? अहो, भट्टीतून निघालेली आहे मी, ऊब माझ्या हाडात आहे. इतके दिवस गिळला राग. पण ज्या बाईवर हा आळ आला तिनं काहीही पेटवलेलं नव्हतं, आणि हे जगात दोघांनाच माहीत होतं. एक मी. मला तोंड नाही. दुसऱ्याला तोंड होतं, तो त्यात गुळणी धरून बसला होता.

पहिल्यापासून सांगते.

कारखान्यात साच्यातून निघाले तेव्हाच माझा एक कान वाकडा होता. कान म्हणजे धरायची कड. तपासणाऱ्या माणसानं मला उचललं, नाक मुरडलं आणि खोट असलेल्या मालाच्या ढिगात टाकलं. तिथे सगळ्याच तसल्या. कुणाचा टवका उडालेला, कुणाचं बूड डगमगतं. त्या ढिगातून माझ्या बाईनं मला उचललं. तेव्हा ती तरणीताठी होती, एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. दुकानदार म्हणाला, "बाई, वाकडी आहे ती."

"असू दे. मी तरी कुठे सरळ आहे?"

त्या एका वाक्यावर मी तिची झाले.

झाकण मात्र मला जन्माचं नाही, लग्नाचं. बाईनं बिस्किटांच्या मोठ्या डब्याचं लाल प्लॅस्टिकचं झाकण माझ्यावर सहज ठेवून पाहिलं, तर टप्पकन बसलं. "घे, जमलं तुझं!" म्हणाली. तेव्हापासून फ्रीजमध्ये जाताना झाकण माझ्या डोक्यावर आणि ओव्हनमध्ये भाजायला जाताना ओट्यावर.

घर दोन खोल्यांचं आणि स्वयंपाकघर एवढंसं, की एकानं आत उभं राहायचं आणि दुसऱ्यानं दारातून बोलायचं. कपाटात मला जागा नव्हती. म्हणून मी राहायची ओव्हनच्या पोटातच, खालच्या जाळीवर, झाकणासकट. हसू नका. तुमच्या ओव्हनमध्ये काय काय कोंबलंय ते आधी बघून या, मग हसा. तर आमच्याकडे नेम असा, की आधी मला बाहेर काढायचं, झाकण काढून ठेवायचं आणि मगच बटणाला हात लावायचा. बाईचा हात हे आपोआप करायचा, जिना उतरताना कठड्याकडे जातो तसा. इतक्या वर्षांत एकदाही चुकली नाही. एकदाही.

आणि माझ्यात काय व्हायचं? मॅकरोनी. कँटीनमध्ये ती मोठमोठ्या परातींतून करायची, पण घरची म्हणजे तिचा जीव. मॅकरोनी उकळून जराशी कच्ची असतानाच निथळायची, "उरलेली ती आत जाऊन शिजेल, तिला काम ठेवा" म्हणायची. मग लोण्यावर मैदा परतायचा, रंग बदलायच्या आत कोमट दूध, थोडं थोडं, आणि हात थांबवायचा नाही. मिरपूड, चिमूटभर मोहरीची पूड. भांडं गॅसवरून उतरवल्यावरच किसलेलं चीज. "उकळत्यात चीज घातलं की ते रुसतं, तेल सोडतं आणि रवाळ होऊन बसतं. रुसलेलं माणूस परत येईल, चीज नाही येत." सॉस पातळच दिसला पाहिजे, कारण ओव्हनमध्ये मॅकरोनी तो पिऊन टाकते. वर शिळ्या पावाचा चुरा, लोण्यात चोळलेला. माझ्या कडांना बुडबुडे आले, वरचा चुरा तांबूस झाला, की बाहेर. आणि बाहेर आल्याबरोबर चमचा घेऊन धावायचं नाही. "दम खाऊ दे तिला जरा."

असं ते घर. बाई, तिचा लेक आणि सून. सून चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करते, तोंडानं फटकळ पण हाताची नाजूक. लेक लिफ्ट दुरुस्त करतो. माणूस वाईट नाही, असं सगळा जिना म्हणतो. मला या वाक्याचीच चीड आहे. वाईट नाही म्हणजे काय? कांदाही वाईट नसतो!

तर त्या दुपारी सून कामावर होती. बाई जेवून आतल्या खोलीत आडवी झाली होती, चष्मा उशाशी काढून. लेक मधल्या सुट्टीत घरी आला. डब्यात आदल्या दिवशीचे बन होते. त्यानं ओव्हनचं दार उघडलं आणि वरच्या जाळीवर बनांची ताटली सरकवली. खाली मी बसले होते, लाल झाकण घालून, नवरीसारखी. त्यानं खाली बघितलं का? छे! बटण फिरवलं. तेवढ्यात फोन वाजला. कुठेतरी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत माणसं होती. "दार ओढू नका, आतलं लाल बटण दाबा," असं सांगत सांगत, नीट ऐकू येईना म्हणून, तो जिना उतरून खाली गेला.

दुसऱ्यांच्या अडकलेल्या लिफ्टा सोडवतो हो हा. घरात काय लावून आलोय ते विसरतो.

झाकण आधी मऊ झालं. मग मधोमध खचलं. मग माझ्या अंगावर ओघळायला लागलं, लाल, चिकट, घाणेरड्या वासाचं. मला भाजल्याचं काही वाटत नाही, भाजून घेणं हे माझं कामच आहे. पण तो धूर! काळा, कडवट. बाई खोकत खोकत उठली, चष्म्याविना, भिंत चाचपत आली. आधी बटण बंद केलं, मग खिडकी उघडली, मग टॉवेलनं ओव्हनचं दार ओढलं. सगळं ज्या क्रमानं करायला हवं त्याच क्रमानं. घर वाचवलं तिनं. हो, वाचवलं!

आणि बक्षीस काय? जिन्यातून माणसं धावत आली. सगळ्यांत पुढे समोरच्या मावशी. धूर नसला तरी त्या येतात, इथे तर धूर होता. सगळ्यांना काय दिसलं? ओव्हनपुढे उभी म्हातारी आणि तिच्या हातात टॉवेल. झालं! गर्दीतून वाट काढत लेक वर आला आणि ओरडला, "आई! हे काय करून ठेवलंस?"

इथवर मी त्याला माफ करते. घाबरलेल्या माणसाच्या तोंडातून काहीही निघतं. पण मग तो ओव्हनपाशी वाकला आणि त्याला बन दिसले. काळे ठिक्कर बन. ते त्याला दिसलेले मला दिसले. क्षणभर थांबला. आता सांगेल, म्हटलं मी. आत्ता सांगेल.

"मागे व्हा सगळे, धूर आहे," तो म्हणाला. ताटली उचलली, बन कचऱ्याच्या पिशवीत ओतले, पिशवीला गाठ मारली आणि स्वतः खाली नेऊन टाकून आला. त्या घरात कचरा खाली नेताना मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते.

"मी तर झोपले होते रे," बाई म्हणाली.

"झोपायच्या आधी लावला असशील," तो म्हणाला. "आठवत नसेल तुला."

आठवत नसेल तुला. बघा बरं, किती मऊ वाक्य आहे. लोण्यात परतल्यासारखं. मावशी लगेच पुढे झाल्या, "असू द्या हो काकू, वय झालं की होतं असं. माझ्या सासूबाई तर चहात मीठ घालायच्या." त्यांना खरंच वाईट वाटत होतं. पण वाईट वाटून घ्यायची त्यांना इतकी हौस, की दिवे लागायच्या आत सगळ्या मजल्यांना वाटून झालं.

मग ओव्हनचं बटण उपटून लेकानं खिशात टाकलं. रोज कामावर जाताना घेऊन जायचा. मला "आता कोण वापरणार ही" म्हणून मावशींना देऊन टाकलं, काठाला लाल प्लॅस्टिकचा थर तसाच. मावशींनी घासलं, खरवडलं, ते निघेना, तेव्हा माझ्यात कांदे भरले. आणि बाईला तो डॉक्टरकडे घेऊन गेला. हे ऐकून माझ्या अंगाला चीर गेली असती. बाईच मावशींना सांगत होती, माझ्यासमोर बसून, हातातली पिशवी चुरगाळत.

"मला घड्याळ काढायला सांगितलं हो कागदावर. शाळेतल्या पोरीसारखं. मग पाच शब्द सांगितले, थोड्या वेळानं परत विचारले. चार आले. एक राहिला."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"वयाच्या मानानं ठीक आहे म्हणाले. पण एक राहिला ना. कुठला तो अजून आठवत नाही. मला वाटतं, लावला असेन मीच ओव्हन. सगळे म्हणताहेत तर लावला असेन."

मी कोपऱ्यातून ओरडत होते. नाही लावलास! नाही लावलास गं! कांदेसुद्धा हलले नाहीत.

राग मला झाकणाचा नाही. झाकणं काय, दुसरी मिळतात. पण माझी बाई स्वतःवरच संशय घ्यायला लागली. जिनं आयुष्यभर शेकडो माणसांचं मीठ अंदाजानं घातलं आणि कधी चुकली नाही, ती आता म्हणे नळ बंद केला का म्हणून तीनदा उठून बघायची. आणि समोर बसून तिचा लेक ते बघत होता. घास गिळत होता.

त्यानंतरच ते मिक्सरचं प्रकरण झालं, आणि दुसऱ्याच दिवशी सून मावशींच्या दारात.

"मावशी, आमची डिश द्या. आईंचा वाढदिवस आहे, मॅकरोनी करायचीय."

"अगं, पण ती… बरं, थांब हं, कांदे काढते. कायमच्या जाणार आहेत का गं त्या? मी आपलं विचारलं."

"कोण कुठे जाणार?"

"नाही, नाही, काही नाही. लोक बोलतात." मावशींनी जीभ चावली. मिक्सरनं गिळलेलं वाक्य हेच असावं, मला वाटलं.

सून मला घरी घेऊन आली. घरी! बाईनं माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

"आई, मला सांगा कशी करायची ते."

"मला नको विचारूस. माझ्यावर काही भरवसा ठेवू नकोस बाई."

"मग काय त्या डॉक्टरला विचारू? बरं, सगळं नका सांगू. सुरुवात कुठून करायची तेवढंच सांगा."

बाई खिडकीबाहेर बघत होती. तिथूनच, विचार न करता, श्वास सोडावा तशी म्हणाली, "आधी डिश बाहेर काढ. झाकण ओट्यावर ठेव. मग मॅकरोनीचं पाणी."

"आणि ओव्हन?"

"तो सगळ्यात शेवटी. सॉस झाल्यावर. आधीपासून कशाला जाळायचा रिकामा?"

सुनेचा हात माझ्या काठावरच थांबला, त्या लाल थरावर. चष्म्याच्या काचेवरचा चरा शोधतात ना, तशी ती माझ्याकडे बघत राहिली.

"आई, त्या दिवशी पाणी उकळलेलं नव्हतं. सिंकमध्ये एकही भांडं नव्हतं. दूध तर घरातच नव्हतं, संध्याकाळी मी आणलं. मग तुम्ही ओव्हन लावला कशासाठी?"

"तेच तर मला आठवत नाही."

"आठवणार कसं? काही कारणच नाही ना लावायचं!" तिचा आवाज चढला. "थांबा. डब्यात बन होते त्या दिवशी. संध्याकाळी डबा रिकामा. मला वाटलं, तुम्ही खाल्ले."

"मी? मला कुठे चावतात ते दगड!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला तोंड असतं तर मी टाळ्या पिटल्या असत्या. म्हणजे हात असते तर. काय ते समजून घ्या.

लेक घरी आला तेव्हा सून ओट्यापाशी हात पुढे करून उभी होती. "बटण."

त्यानं खिशातून काढून दिलं. ती म्हणाली, "बन कसे होते?"

"कुठले बन?"

"काळे."

काळे होते की कसे, तिला काय ठाऊक? खडा मारला तिनं. पण बसला बरोबर. लेकाचा चेहरा असा उतरला, की पुढे काही विचारायची गरजच राहिली नाही. तो दारातल्या स्टुलावर बसला.

"मी सांगणार होतो."

"कधी?" बाई म्हणाली. "मी गेल्यावर?"

"सगळे समोर होते, आई. तोंडातून निघून गेलं. मग मागे घेता येईना. वाटलं, थोड्या दिवसांनी सगळे विसरतील."

"विसरतील! मी विसरते म्हणून सांगितलंस आणि विसरायला सगळ्यांना लावत होतास?" बाई उभी राहिली. मी तिला इतक्या वर्षांत अशी बघितली नव्हती. "तू बाजूला बसला होतास रे. मी घड्याळाचे काटे काढत होते आणि तू शेजारच्या खुर्चीत बसून बघत होतास. मला घाम फुटला होता. तुला एकदा तरी वाटलं, की उठावं आणि म्हणावं, डॉक्टर, राहू द्या?"

तो स्टुलाची कड नखानं कोरत बसला.

"आणि जाण्याचं काय म्हणत होत्या मावशी?" सुनेनं विचारलं. "कोण कुठे जाणार आहे?"

"आईच्या बहिणीला फोन केला होता," तो खाली बघत म्हणाला. "म्हटलं, तिथे राहील थोडे दिवस. तिथे ओव्हन नाही."

तिथे ओव्हन नाही! ऐकलंत? खोटं बोलला हा, आणि ते खोटं नीट बसावं म्हणून आईलाच घराबाहेर सरकवायला निघाला. झाकण बसत नाही म्हणून डिशच कापायची!

बाई रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिनं बाहेरचं दार सताड उघडलं.

"तिथे उभा राहून ओरडला होतास ना? चल. तिथेच उभा राहा आणि सांग."

"आई, असं काय करतेस, लोक काय म्हणतील?"

"माझ्याबद्दल काय म्हणाले ते मी ऐकलंय. आता तुझी पाळी."

समोरचं दार आधीच किलकिलं होतं, ते सांगायला नकोच. शिवणवाली बाईही वर चढत होती, कशाला कोण जाणे. लेक जिन्यात उभा राहिला, मान खाली घालून. "त्या दिवशी ओव्हन मी लावला होता. बन गरम करायला. आईनं नाही."

"मोठ्यानं," आतून सून म्हणाली.

"मी लावला होता!" त्याचा आवाज जिन्यात घुमला. "आईनं बंद केला!"

"अगंबाई!" मावशी म्हणाल्या. "आणि आम्ही मेल्या… काकू, मला माफ करा हो." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, खरंखुरं. आणि त्या पाण्यातूनही मला दिसलं, की ही नवी बातमी आधी कुठल्या मजल्यावर न्यायची याचा हिशेब सुरू झाला होता. जाऊ दे. या वेळी बातमी तरी खरी होती.

मग बाईनं स्वतः मॅकरोनी केली. मैदा परतताना उलथनं असं आपटत होती, की मला भांड्याची काळजी वाटली. पण एक सांगते, रागानं ढवळलेल्या सॉसमध्ये गुठळी औषधालासुद्धा राहत नाही. लेकाला तिनं ताट वाढलं. जेव म्हणाली नाही.

तर ती अफवा. घर पेटवलं, हे खोटं. डोकं ठिकाणावर नाही, हेही खोटं. म्हातारीला बहिणीकडे पाठवायचं ठरलंय, हे मात्र निम्मं खरं निघालं. ठरवलं होतं एकानं. ती गेली नाही. बहिणीला तिनं स्वतः फोन करून सांगितलं, "मी येणार नाही. तूच ये, खायला घालते."

आता माझं राहायचं ठिकाण बदललंय. सुनेनं भिंतीत एक फळी ठोकून घेतली, तिच्यावर मी उघड्यावर बसते. काठावरचा लाल डाग गेला नाही. झाकण नवीन नाही, मला नकोच. लेक हल्ली कचरा रोज खाली नेतो. त्यानं काही होतं का? माझा राग गेलेला नाही. बाईचा गेला असला तर तो तिचा मोठेपणा, मी मातीची आहे.

तुम्हाला एकच सांगणं आहे. चूक झाली तर झाली म्हणा. बन जळतात, झाकणं वितळतात, त्यात काय एवढं? पण आपली चूक लपवायला म्हाताऱ्या माणसाला "तुला आठवत नसेल" असं कधी म्हणू नका. ते विश्वास ठेवतात तुमच्यावर. स्वतःपेक्षा जास्त.

बघा, बाईनं मला आताच फळीवरून उतरवलंय. सॉस तयार आहे, चुरा वर पसरून झालाय. ती ओव्हनपाशी आली. दोन्ही हातांनी धरलेली मी, भरलेली, जड. तरी तिनं मला एका हातावर तोललं, कोपरानं दार उघडलं आणि वाकून आत बघितलं. दार लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा बघितलं, नळ बघायला तीनदा उठायची तसं.

मी तिच्या हातात आहे. आणि ती आत मलाच शोधतेय.